पडद्यावरचा रंग आणि पावसाचा इशारा



पुण्याच्या शिवाजीनगर भागातील हवामान विभागाची जुनी इमारत ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. १९२८ साली विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, त्याची ही खूण होय. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी विभागाचे कार्य पुण्यात चालू राहिले. हा विभाग आता जिल्हावार इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे सज्ज राहावे. लाल म्हणजे कृती करावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने पुण्यात अनेकांचे प्राण घेतले. अशा इशाऱ्यांचे मोल त्यामुळे निराळे सांगावयास नको.

हे नकाशे कार्यालयातील व शाळेतील संगणकाच्या पडद्यावर पाहिले जातात. पडद्यावरील प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांनी उजळतो. तिन्ही सारखे मिळाले की पांढरा, तांबडा व हिरवा मिळून पिवळा रंग दिसतो. जुन्या पद्धतीच्या पंधरा पिनांच्या केबलमधून हे तीन रंग तीन स्वतंत्र तारांनी जातात. त्यांतील तांबड्याची पिन वाकली किंवा तार तुटली, तर पिवळ्यात केवळ हिरवा उरतो. नारिंगीही मंद हिरवा दिसतो आणि लाल काळा पडतो. परिणामी ‘लक्ष ठेवा’ असे सांगणारा जिल्हा ‘इशारा नाही’ असे सांगू लागतो.

हा दोष ओळखणे अवघड नाही. प्रथम पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. ते निळसर हिरवे दिसल्यास तांबडा, जांभळट गुलाबी दिसल्यास हिरवा, आणि पिवळे दिसल्यास निळा रंग पोहोचत नाही, असे समजावे. पिवळेपणा केवळ फिकट असेल, तर संगणकातील ‘नाइट लाइट’ ही रात्रीची सोय चालू राहिली आहे काय, ते आधी पाहावे.

त्यानंतर मॉनिटरवरील बटण दाबून त्याची स्वतःची मेनू यादी उघडावी. ही यादी मॉनिटर स्वतः तयार करतो. तिचे रंग नेहमीसारखे असतील, तर दोष केबलमध्ये किंवा संगणकात असण्याचा संभव अधिक. तेही बिघडलेले असतील, तर मॉनिटरची रंगमांडणी मूळ स्थितीवर आणून पाहावी. केबलचा संशय आल्यास संगणक व मॉनिटर बंद करून केबल काढावी, पिना तपासाव्यात, ती नीट बसवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत. तरीही फरक न पडल्यास दुसरी केबल लावावी. तीही व्यर्थ ठरल्यास तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. एवढे केल्यावर दोष कोठे आहे, हे बहुधा निश्चित होते, आणि नवा मॉनिटर घेण्याचा खर्च अनेकदा वाचतो. मॉनिटर उघडण्याचे काम मात्र तंत्रज्ञावरच सोपवावे.

दुरुस्ती होईपर्यंत रंगावर विसंबून राहू नये. इशारा शब्दांतही दिलेला असतो. तो वाचावा, आणि गावाला कळविताना रंगाबरोबर त्याचा अर्थही सांगावा. ज्यांना तांबड्या-हिरव्यातील भेद जन्मतः कळत नाही, अशा ग्रामस्थांसाठीही हीच रीत उपयोगाची आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने पांढऱ्या पानाची ही चाचणी एकदा करून घ्यावी.