गावचा दवाखाना आणि आपण



लावणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. गुडघाभर चिखल आणि पायांना पडलेल्या चिरा. याच दिवसांत आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोचा ताप डोके वर काढतो. उंदीर-घुशींच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात नि त्या चिरांवाटे अंगात शिरतात. पहिले दोन-तीन दिवस हा ताप साध्या तापासारखाच वाटतो. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडावर बेतते. म्हणजे औषध आहे. पण ते घेऊन वेळेवर दारात येणार कोण?

येते ती आरोग्यसेविका, नाहीतर आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक आशा असे ठरले. उपकेंद्र सपाटीवर पाच हजारांमागे एक, डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक. हिशेब चोख आहे. पण त्यात डोकी मोजली, पायवाटा मोजल्या नाहीत! देशावरचे गाव भिंतीला भिंत लावून बसलेले असते. आपला गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या. मध्ये व्हाळ, कुणगे, डोंगर. देवबाग तर कर्ली खाडी नि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर लांबच लांब पसरलेला.

आमच्या आशाताईंना मी एकदा विचारले, "दिवसाला किती घरं होतात?" त्या हसून म्हणाल्या, "घरां इचारू नकात सर, वाटेत साकव किती ता इचारा."

आणि या चालीला पगार नाही. मानधन नि कामागणिक मोबदला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. गौरवाने चूल पेटत नाही, हेच खरे.

बरे, आशाताईने रोगी पाठवला तरी पुढे डॉक्टर हवा. तो टिकत नाही अशी आपली तक्रार. पण गळक्या खोलीत, रात्रंदिवस एकट्याने, कोण किती दिवस काढील? मग आपण गाठतो गोव्याचे बांबोळी. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रोग्यांना शुल्क लागू झाले, तेव्हा आपण शेजाऱ्यावर किती विसंबलो होतो ते कळले. आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आनंदाची गोष्ट. पण डॉक्टर घडवणे वेगळे नि तो गावात राहणे वेगळे.

सरकारने वाड्या नि वाटा धरून माणसे नेमावीत, त्यांना रीतसर वेतन द्यावे, हे मागायलाच हवे. पण काही आपल्याही हातचे आहे. दवाखान्याची खोली पावसाआधी शाकारलेली आहे का, हे ग्रामसभेत विचारा. शिक्षकबंधूंनो नि भगिनींनो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंना शाळेत बोलवा. तापाची खूण पोरांना कळली, की ती घरोघर पोचते. त्यांना साकव आडवे येत नाहीत.