घड्याळाविना माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



यंदा विज्ञानावर काहीतरी बोला, असा मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह पडला. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. गिरणीत साच्यावर उभे राहून आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून जे पदरात पडले, तेवढेच आमचे शिक्षण. पण विज्ञान ही काही पदवीवाल्यांची खाजगी मालमत्ता नाही. म्हणून आज आम्ही अशा काही माणसांची माहिती सांगणार आहोत, ज्यांनी संशोधनासाठी स्वतःला महिनोन्महिने कोंडून घेतले. आणि त्यांचा आपल्या वस्तीशी काय संबंध, तेही सांगणार आहोत.

फ्रान्समध्ये मिशेल सिफ्र नावाचा एक भूगर्भशास्त्रज्ञ होता. १९६२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आल्प्स पर्वतातल्या स्कारासॉन नावाच्या गुहेत उतरला. जमिनीखाली शंभर मीटरहून खोल. आत बर्फ, ओल, थंडी आणि काळोख. बरोबर तंबू, दिवा, शिधा आणि पुस्तके. घड्याळ मात्र मुद्दाम नेले नाही. सूर्य दिसला नाही, भोंगा वाजला नाही, कुणी हाक मारली नाही, तर माणसाच्या शरीराला वेळ कळते का, हा त्याचा प्रश्न होता.

गुहेच्या तोंडाशी त्याचे सोबती बसलेले. मध्ये टेलिफोनची तार. हा उठला की फोन करायचा, जेवला की फोन करायचा, झोपायला जाताना फोन करायचा. वरची मंडळी वेळ लिहून घ्यायची, पण किती वाजले ते सांगायची नाहीत. स्वतःहून त्याला फोनही करायचा नाही, असा नियमच होता.

अशी दोन महिने गेली. १४ सप्टेंबरला वरून निरोप आला, की मुदत संपली, बाहेर ये. त्याला ते खरेच वाटेना. त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती! पंचवीस दिवस त्याच्या हातून कुठे सांडले, ते त्यालाच ठाऊक नव्हते. तो फोनवर एकापासून एकशेवीसपर्यंत आकडे मोजायचा, एका सेकंदाला एक याप्रमाणे. म्हणजे दोन मिनिटांचे काम. त्याला पाच मिनिटे लागायची, आणि त्याला वाटायचे आपण बरोबरच मोजले.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. मनाचा हिशेब चुकला, पण शरीराचा नाही चुकला. वरच्या वहीत पाहिले तर त्याचे झोपणे आणि उठणे साडेचोवीस तासांच्या आसपास नेमाने चाललेले! म्हणजे माणसाच्या अंगातच एक घड्याळ आहे. सूर्याचा उजेड ते रोज थोडे पुढेमागे करून दिवसाशी जुळवून देतो. ह्या अंगातल्या घड्याळाची यंत्रणा फळांवरच्या माशीत शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सिफ्रनंतर आणखी माणसे गुहांत उतरली. त्यांतल्या दोघांपैकी जोझी लॉरेस ही सुईणीचे काम करणारी बाई होती. ती ८८ दिवस राहिली. आन्त्वान सेनी हा फर्निचर करणारा कारागीर होता. तो १२६ दिवस राहिला. सुईण आणि सुतार! शास्त्राच्या पुस्तकात जे ज्ञान जमा झाले, त्यात कष्टकऱ्यांच्या शरीराचा असा वाटा आहे. तो विसरून चालणार नाही.

पण बंधूंनो, ह्याची किंमतही आहे. १९७२ साली सिफ्र पुन्हा उतरला, अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका गुहेत. ह्या खेपेला सहा महिन्यांहून जास्त. खायला-प्यायला भरपूर होते, तरी एकटेपणाने तो पार खचला. गुहेत एक उंदीर यायचा. त्याच्याशी दोस्ती करावी म्हणून सिफ्रने त्याला भांड्याखाली पकडायला पाहिले, आणि त्यात तो उंदीर दगावला. एवढा शिकलेला माणूस, एका उंदरासाठी कष्टी झाला. १९८८ साली वेरोनिक ल गेन नावाची फ्रेंच बाई १११ दिवस गुहेत एकटी राहिली. तिचे खूप कौतुक झाले. जानेवारी १९९० मध्ये तिने स्वतःचे आयुष्य संपवले. माणसाच्या मनात काय चालते ते एका कारणावर ढकलता येत नाही, म्हणून आम्ही तो दोष गुहेला देत नाही. पण तिचे नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

पुढे मंगळावर माणूस पाठवायच्या तयारीसाठी मॉस्कोत मोठा प्रयोग झाला. जून २०१० ते नोव्हेंबर २०११, तब्बल ५२० दिवस, सहा पुरुष खिडकी नसलेल्या बंद खोल्यांत राहिले. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक चिनी. नंतर तपासणीत दिसले, की दिवसेंदिवस त्यांची हालचाल कमी होत गेली आणि लोळणे-झोपणे वाढले. एकाचा दिवस तर पंचवीस तासांचा होऊन बसला. त्यामुळे काही दिवस असे यायचे, की बाकीचे झोपलेले आणि हा एकटा जागा. सहाजण एकत्र कोंडलेले, त्यातही हा एकटा!

हे वाचले तेव्हा आम्हाला आमची तिसरी पाळी आठवली. आम्ही गिरणी कामगार आठवड्याला पाळी बदलत जगलो. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो तेव्हा पोरे शाळेत निघालेली. तो दुपारी झोपतो तेव्हा चाळ जागी. तो उठतो तेव्हा घर जेवायला बसते आणि त्याला डबा घेऊन निघायचे असते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, तरी आठवडाभर धड कुणाशी बोलणे नाही. ह्याला एकांतवासच म्हणायचे, दुसरे काय? आणि अंगातले घड्याळ जरा कुठे जुळते न जुळते, तोच पाळी बदलायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रातपाळीच्या कामाची नोंद बहुधा कर्करोगाला कारण ठरणारी गोष्ट म्हणून केली. हे आमच्या पिढीला कुणी सांगितले नव्हते.

फरक कुठे आहे, तो नीट समजून घ्या. सिफ्र आपल्या राजीखुशीने उतरला. मॉस्कोतल्या सहाजणांना आधी सगळे समजावून सांगितले, त्यांची संमती घेतली. डॉक्टर लक्ष ठेवून होते. नको झाले तर बाहेर पडायचा हक्क होता. आम्हाला कुणी विचारले? आमच्या झोपेची वही कुणी ठेवली? पाळी नको म्हणणाऱ्याला नोकरीच नको म्हणायला लागायचे. म्हणजे प्रयोग आमच्याही शरीरावर झाला, फक्त त्याची नोंद कुठे नाही.

गिरण्या बहुतेक गेल्या, पण रातपाळी गेलेली नाही. आपली मुले सिक्युरिटीत उभी आहेत, कॉल सेंटरला बसतात. मुली रात्रभर हॉस्पिटलात ड्युटी करतात. त्यांच्यासाठी आमचे सांगणे साधे आहे. रातपाळीवरून आलेल्याला झोपू द्या. खिडकीला जाड पडदा लावा, टीव्हीचा आवाज बारीक करा, दुपारी दाराशी स्पीकर लावू नका. दिवसातून एक जेवण तरी त्याच्याबरोबर बसून करा. आणि तरुणांनो, कामावर पाळी लावताना तुम्हाला विचारले गेले पाहिजे, तुमची नीट वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, ही मागणी संघटनेतून करा. ती भीक नाही, तिच्यामागे शास्त्र उभे आहे.

आणखी एक. आपल्या वस्तीत इमारती झाल्या, दारे बंद झाली. कितीतरी म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात. २०२० साली टाळेबंदीत आपण सगळ्यांनीच ते थोडे चाखले. गुहेतल्या माणसाला निदान वर फोन उचलणारे कुणीतरी होते. आपल्या मजल्यावरच्या आजीचा फोन कोण उचलतो, एवढे आज घरी जाताना ज्याने त्याने मनाशी पाहावे.