मुठीएवढ्या इंजिनाची शर्यत
(गणेशोत्सवात केलेले भाषण)



विषय जाहीर झाला तेव्हा काहींना हसू आले. साठी उलटलेल्या इंजिनिअरने खेळण्यातल्या मोटारींवर बोलावे! पण ही खेळणी नव्हेत. इंजिन मुठीत मावणारे, १० सी.सी.चे, गाडी तीन किलोंच्या आसपास. स्टिअरिंग नाही. मधल्या खांबाला पोलादी तारेने बांधलेली गाडी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरते. मात्र आज हा बैल ताशी ३०० कि.मी.च्याही पुढे जातो! त्या वेगाला तारेवर दोनशे किलोंची ओढ येते. म्हणूनच भोवती मजबूत जाळी लागते.

हा छंद १९३० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात फोफावला. तेव्हा पेट्रोल, कॉइल, बॅटरी असा सगळा संसार गाडीतच असे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि हे ओझे उतरले. सुरू करताना बॅटरी जोडायची, मग काढून घ्यायची. पुढे प्लॅटिनमची बारीक तार मिथेनॉलच्या ज्वलनाने आपली आपण लाल राहते. उभा जन्म यंत्रांत गेला, तरी मला ही जादूच वाटते.

आपल्याकडे मोटारी क्वचितच. आमची ओळख एन.सी.सी.च्या एअर विंगमधली, विमानांची. इंजिन त्याच जातीचे, फिरणेही गोलच. खांबाच्या जागी दोऱ्या धरून कॅडेट उभा. कलकत्त्याच्या 'ऑरोरा' डिझेल इंजिनाला तर प्लगही नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल! तो वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नसे. (घरच्या मंडळींचे त्यावरचे मत इथे सांगत नाही.)

गेल्या वर्षी एका दिवंगत मित्राच्या घरी आवराआवर चालू होती. असेच एक इंजिन भंगारवाल्याच्या तराजूत पडलेले मी उचलले. सगळे म्हणाले, "जाम झालेय, काही उपयोग नाही." अहो, एरंडेल वाळून चिकटले की ते जाम होणारच. पक्कड लावू नका. जरा कोमट करा, पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दट्ट्या हलला तेव्हा मित्राची नात टाळ्या वाजवत होती. आता ते तिच्याकडेच आहे.

दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. माळ्यावर असा डबा सापडला तर भंगारात देण्याआधी मंडळात आणून दाखवा. मात्र सोबत जुन्या इंधनाची बाटली असेल तर मुलांच्या हाती देऊ नका. मिथेनॉल विष आहे, पोटात गेल्यास दृष्टी जाते; आणि जुने ईथर तर उघडूच नये.