उत्तराची लांबी

जळगांवचें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें, तेव्हां निकाल पाहावयास महाविद्यालयाच्या फलकापुढें गर्दी होई. आज धुळ्याची विद्यार्थिनी घरबसल्या मोबाइलवर आपला क्रमांक घालते. सर्व्हर नांवाचा दूरचा संगणक तिची विचारणा घेतो आणि उत्तर लिहून धाडतो. या लेखनाचा शिरस्ता ठरलेला आहे; त्यास एचटीटीपी म्हणतात.

पहिली ओळ निवाड्याची: २०० म्हणजे मागितलेलें मिळालें, ४०४ म्हणजे असें कांहीं येथें नाहीं. खालीं मजकुराची ओळख देणाऱ्या ओळी, मग एक कोरी ओळ, आणि नंतर प्रत्यक्ष मजकूर.

ओळखीच्या ओळींत सर्वांत निसरडी ती लांबीची. १९९१ सालच्या मूळ पद्धतींत ती नव्हतीच; उत्तर संपलें कीं सर्व्हर जोडणी तोडी, तोच शेवट. १९९७ सालच्या सुधारणेनें एकाच जोडणीवरून अनेक उत्तरें जाण्याचा प्रघात पडला, तेव्हां एक उत्तर कोठें संपतें हें सांगणें भाग पडलें. ही लांबी मोजावयाची बाइटांत, अक्षरांत नव्हे. साध्या इंग्रजी मजकुरांत दोन्ही मापें सारखींच येतात, म्हणून चूक झांकून राहते. देवनागरींत मात्र १९९२ सालीं निघालेल्या यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीनें प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘धुळे’ या नांवांत ध, उकार, ळ आणि मात्रा अशीं ४ चिन्हें. म्हणजे १२ बाइट. (जुन्या वळणाचा अनुस्वार दिल्यास आणखी ३.) एखाद्या प्रोग्राम लिहिणाऱ्यानें लांबी ४ अशी कळविली, तर ब्राउझर ४ बाइट घेऊन थांबतो. त्याच्या हातीं येतो अखंड ‘ध’ आणि उकाराचा एक निरर्थक तुकडा. उरलेले ८ बाइट पुढच्या उत्तराचा आरंभ समजले गेले, तर तेंही बिघडतें. इंग्रजी नांव घालून तपासणी करणाऱ्यास यांतील कांहींच दिसत नाहीं. फसते ती मराठी वाचणारी मुलगी, आणि ती बहुधा दोष देते आपल्या मोबाइलला.

लांबी आधीं ठाऊक नसेल, तर मजकूर तुकड्यातुकड्यांनीं धाडतां येतो: प्रत्येक तुकड्याआधीं त्याची लांबी आणि शेवटीं शून्य लांबीचा तुकडा. भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीच्या मागें ‘एल. व्ही.’ ही पाटी दिसली, कीं मागें डबा राहिला नाहीं असें स्टेशनमास्तर समजतो. शून्याचें काम तेंच. तें येण्याआधीं जोडणी तुटली, तर उत्तर अपुरें असल्याचें ब्राउझरला कळतें.