मापं आपली, पसंती कुणाची?

(रत्नागिरी येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण रेशन, पाणी, कौटुंबिक हिंसा, कोर्टात अडकलेल्या पोटगीच्या केसेस यांवर बोलतो आहोत. आता मी कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हा विषय बायकांच्या मासिकातल्या शेवटच्या पानाचा, चळवळीचा नव्हे, असं आपल्याला वाटतं. पण बाईच्या अंगावरचं वस्त्र आपल्या समाजात कधी नुसतं वस्त्र नव्हतं. ती कोणत्या जातीची, तिचा नवरा जिवंत आहे की नाही, ती कुणाच्या ताब्यात आहे, हे सगळं तिच्या लुगड्यावरून लोक वाचत आले.

आपल्या कोकणाचंच पाहा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला आलेल्या बायकांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेगळे बोलले. लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे दागिने यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते मनावर घेतलं आणि नेसण्याची पद्धत बदलली. दुसरीकडे ब्राह्मण विधवेला केशवपन आणि लाल आलवण सक्तीचं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला. हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. म्हणजे बाईने काय ल्यावं हे ठरवण्याचा हक्क अजून पुरता तिच्या हातात आलेला नाही.

आणि आता या हक्कावर एक नवा दावेदार आला आहे. तो आपल्या फोनमध्ये आहे.

इंटरनेटवरून कपडे मागवणं आता नवं नाही. आपल्या गटातल्या कितीतरी मुली मागवतात, काहीजणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विकतातही. मी सांगते आहे ती पुढची पायरी. यात कपडा आपण निवडतच नाही. आपण एक लांबलचक प्रश्नावली भरायची: उंची, वजन, मापं, आवड, खर्चाची ताकद. मग कंपनीचा सल्लागार आणि तिचा संगणक मिळून आपल्यासाठी कपडे निवडतात आणि खोकं घरी पाठवतात. आवडेल ते ठेवायचं, बाकीचं परत करायचं. दरमहा किंवा दर तीन महिन्यांनी खोकं येत राहतं, म्हणजे कपड्यांची वर्गणीच. अमेरिकेत कॅटरीना लेक या बाईने २०११ साली ‘स्टिच फिक्स’ ही कंपनी काढून ही पद्धत मोठी केली. तिथे सल्ल्याचे २० डॉलर घेत आणि काही विकत घेतलं तर ते त्यात वळते करत. मुंबईत २०१३ साली अर्चना वालावलकर आणि धीमान शाह यांनी ‘स्टाइलक्रॅकर’ सुरू केली. प्रश्नावली भरून खोकं मागवण्याची पद्धत पुढे तिनेही आणली.

आमच्या गटात यावर वाद झाला. कॉलेजात जाणाऱ्या मुली म्हणाल्या, यात वाईट काय? जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, हा शुद्ध चंगळवाद. मी म्हटलं, न बघता बोलण्यापेक्षा करून बघू. आम्ही वर्गणी काढली आणि एक खोकं मागवायचं ठरवलं. ज्या कंपनीकडून मागवलं ती मघाशी नाव घेतलेल्यांपैकी नाही. तिचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, पद्धतीचा आहे.

खोकं कुणासाठी, तर काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका ताईसाठी. वय अठ्ठेचाळीस. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दोन मुलांना तिने एकटीने वाढवलं. तिच्यासमोर फोन धरून आम्ही प्रश्न वाचत गेलो. ‘तुमचा आवडता रंग कोणता?’ हा प्रश्न आला, तेव्हा ताई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “राणी कलर. पण ह्यां माका कोणी इचारला नव्हता गो.”

हे मी मुद्दाम सांगते, कारण या सेवेची चांगली बाजू लपवून टीका करणं बरोबर नाही. अकरा वर्षांत सासरच्यांनी, माहेरच्यांनी, खरं सांगायचं तर आपल्या गटानेही जे विचारलं नाही, ते एका यंत्राने विचारलं. घरच्या घरी दार लावून कपडा घालून बघता येतो, हेही लहान नाही. राम आळीतल्या दुकानात ‘मावशी, तुमच्या मापाचं नाही’ हे चारचौघांत ऐकावं लागत नाही. जाड बाईला, अपंग मैत्रिणीला, पुरुषी कपडे आवडणाऱ्या मुलीला या एकांताची किंमत किती आहे, हे त्यांनाच विचारा.

पण प्रश्नावली पुढे चालू राहिली. ‘तुमचं शरीर कोणत्या आकाराचं आहे?’ उत्तरात फळांची चित्रं: सफरचंद, नाशपाती. ‘कोणता भाग झाकायला आवडेल?’ दंड, पोट, मांड्या, कंबर, यांतलं काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. ‘काहीच नाही’ असं उत्तरच नव्हतं. ‘त्वचेचा रंग?’ तिथे गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत पट्टी. ताईने तोपर्यंत आपल्या पोटाचा विचार केला नव्हता. दोन बाळंतपणं आणि वर्षानुवर्षं बसून काजू सोलणं यांनी झालेलं ते पोट आहे. तिला पाठदुखीची तक्रार होती, पोटाची नव्हती. दहा मिनिटांत यंत्राने तिला एक नवी तक्रार दिली, आणि त्यावरचा इलाजही विकायला काढला.

१९९४ साली एकाच वर्षी भारताच्या दोन मुली विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी झाल्या. १९९६ साली बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली, तेव्हा स्त्री-संघटनांनी निदर्शनं केली. तेव्हा निदान मापं घेतली जायची ती मंचावर, निवडक मुलींची. आता प्रत्येकीने आपली मापं आपल्या हाताने घ्यायची, वर फोटो जोडायचा आणि खाली पत्ता लिहायचा.

नऊ दिवसांनी खोकं आलं. त्यात पाच कपडे होते: राखाडी, बिस्किटी, मोतिया, फिका आकाशी आणि एक तपकिरी कुर्ता. राणी रंगाचं चिंधूकही नव्हतं. सोबत छापील चिठ्ठी होती: ‘तुमच्या वयाला आणि वर्णाला शोभतील असे सौम्य रंग निवडले आहेत.’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठे ऐकलं आहे? हे तर वाडीतल्या म्हाताऱ्यांचं वाक्य आहे. ताईने नवरा गेल्याचं कुठेही लिहिलं नव्हतं, तरी तिच्या वाट्याला तेच फिके रंग आले. यात जादू काही नाही. आजवर त्या वयाच्या बायकांनी जे विकत घेतलं त्यावरून यंत्र शिकतं. बायकांनी जे घेतलं ते समाजाच्या धाकाने घेतलं. त्या धाकालाच यंत्र आवड समजतं आणि आपल्याला सल्ला म्हणून परत देतं. रूढी अशी नव्या खोक्यात बांधून घरपोच येते.

ताईने तपकिरी कुर्ता ठेवला. त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे होते, म्हणून. बाकीचे चार परत करायचे ठरले, तर कंपनी म्हणाली, तुमच्या गावच्या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नाही. पोचवताना होती, नेताना नाही! शेवटी एसटीने रत्नागिरीत येऊन पदरच्या पैशाने कुरिअर करावं लागलं. पैसे परत मागितले, तर ते ‘पुढच्या खोक्यात वळते करू’ असं उत्तर आलं. आणि महिना भरल्यावर पुढच्या खोक्याचे पैसे खात्यातून वळते होणार असल्याचा संदेश बँकेकडून आला. तेव्हा कळलं की ‘एकदाच’ आणि ‘दरमहा’ यांतल्या ‘दरमहा’वर खूण आधीच केलेली होती.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. तो नीट लक्षात ठेवा आणि गटात सांगा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती म्हणता येत नाही. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना बंदी केली. शिरायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड असं सदस्यत्व हा त्यांतला एक. ‘नाही, मला छान दिसायचं नाही’ असं बटण दाबायला लावून लाजवणं हा दुसरा. खात्यातून आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी कळवावं लागतं, आणि ती परवानगी आपल्याला कधीही काढून घेता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही बँकेची परवानगी रद्द केली आणि १९१५ वर तक्रार नोंदवली. तिसऱ्या आठवड्यात चार कपड्यांचे पैसे खात्यात आले. कुरिअरचे मात्र आले नाहीत.

आता पैशाचंच बोलू. ते एक खोकं अडीच हजारांच्या आसपास पडलं. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे पंधराशे. म्हणजे ही सेवा ताईसारखीसाठी नाहीच, असं कुणी म्हणेल. पण फोन आणि जाहिरात सगळ्यांपर्यंत पोचते, आणि हप्त्याने घेण्याची सोय तिच्या मागोमाग येते. म्हणून हे आपण समजून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट पडद्याआड राहते. हे खोकं भरणारी आणि कपडा शिवणारीही बाईच असते. ‘स्टिच फिक्स’मध्ये हजारो सल्लागार घरून तासावर काम करत. जून २०२० मध्ये त्या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,४०० सल्लागारांना कमी करायचं ठरवलं, कारण दुसऱ्या राज्यांत तेच काम स्वस्तात होत होतं. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. अकराशेहून अधिक कामगार दगावले, त्यांत बायकाच जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. स्वस्त आणि झटपट कपड्यामागे हे असतं. आपल्या पसंतीची गोष्ट करताना त्यांच्या मजुरीची गोष्ट सोडता येणार नाही.

मग करायचं काय? ही सेवा वापरू नका असा फतवा मी काढणार नाही. बाईने काय घालावं हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांत आपली भर नको. ज्या मैत्रिणींना हे परवडतं आणि आवडतं त्यांनी जरूर वापरावं. फक्त फोटो देताना विचार करावा, ‘दरमहा’ची खूण काढावी, आणि झाकण्याचे प्रश्न विचारणाऱ्या कंपनीला तसं लिहून कळवावं.

आपल्या गटांसाठी मात्र मी तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक गटात एकीने वर सांगितलेले नियम पाठ करावेत आणि इतरींच्या फोनवर चालू असलेल्या आपोआप कपाती तपासाव्यात. आमच्या गटात तपासल्या, तर सहाजणींच्या खात्यातून कळत नसताना पैसे जात होते. दुसरी, शिवणकाम शिकलेल्या कितीतरी बायका आपल्या बचत गटांत आहेत आणि त्यांना काम नाही. तयार कपड्यांची आपल्याकडची मापं परदेशी तक्त्यांवरून आली. भारतीय शरीरांची मापं घेण्यासाठी ‘निफ्ट’ या सरकारी संस्थेला २५ हजारांहून अधिक लोकांचं सर्वेक्षण हाती घ्यावं लागलं, ते याच कारणाने. पण आपल्या वाडीतल्या शिवणाऱ्या बाईला सर्वेक्षण लागत नाही. ती टेप घेऊन समोर उभी राहते, आणि दंड झाकायचा का असं विचारण्याऐवजी हात वर करून बघ, कुठे काचतं का, असं विचारते. तिला काम द्या, वेळेवर पैसे द्या, आणि खिसा मागून घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने शेजारच्या बाईला विचारायचं: तुला कोणता रंग आवडतो? आणि तो तू शेवटचा कधी घातलास? विशेषतः एकट्या, परित्यक्ता आणि विधवा मैत्रिणींना विचारा. उत्तर ऐकून ‘तुझ्या वयाला शोभेल का’ हे म्हणायचं नाही. लोक बोलतील तेव्हा तिच्यासोबत उभं राहायचं. यंत्र प्रश्न विचारू शकतं, पण वाडीत तिच्या बाजूने उभं राहू शकत नाही. ते काम संघटनेचं आहे.

आमच्या ताईसाठी गटातल्याच एका मैत्रिणीने राणी रंगाचा ड्रेस शिवला आहे. कापड ताईने स्वतः निवडलं. कारखान्यात घालून गेली तेव्हा दोघी-तिघी कुजबुजल्या. चौथीने मात्र शिवणारीचा पत्ता विचारला.