सज्जनगडाची वाट

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपला घनसावंगी तालुका गोदाकाठचा, काळ्या मातीचा. नाव घ्यावे असा पर्वत आपल्याकडे नाही. परंतु याच तालुक्यातील जांब गावी शके १५३० च्या रामनवमीस समर्थ रामदासस्वामींचा जन्म झाला आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस त्यांनी साताऱ्याजवळील सज्जनगडावर देह ठेवला. म्हणून त्या गडावर आपण परके यात्रेकरू नव्हे, घरची माणसे आहोत. आणि घरच्या माणसाने पाहुण्याहून अधिक जपून वागावयाचे असते.

हा मूळचा परळीचा किल्ला. १६७३ साली शिवछत्रपतींनी तो घेतला आणि १६७६ मध्ये समर्थ तेथे वास्तव्यास आले. गडावर श्रीरामाचे मंदिर, त्याखाली समर्थांची समाधी, शेजघरात त्यांच्या वापरातील वस्तू आणि अंगापूरच्या डोहात सापडलेल्या देवीचे देऊळ आहे. एकदा समर्थांची छाटी वाऱ्याने उडाली, तेव्हा कल्याणस्वामींनी क्षणाचाही विचार न करता कड्यावरून झेप घेऊन ती झेलली, अशी आख्यायिका आहे.

पण आमच्या मनात घर करून राहिले आहेत ते कल्याणस्वामींचे हंडे. खालच्या उरमोडी नदीचे पाणी त्या अवजड हंड्यांतून ते गडावर वाहून आणीत, असे सांगतात. झेप एका क्षणाची. पाणी मात्र रोजचे. या गडाचे पावित्र्य असे कोणाच्या तरी खांद्यावरून वर चढलेले आहे.

आमची एक चूक आज कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी घेऊन गडावर गेलो. दमून पोचताच आम्ही तांब्यांमागून तांबे पायांवर ओतू लागलो. मुलांनी खाऊचे कागद तेथेच टाकले. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "मास्तर, हंडे पाहिलेत ना?" अधिक एक शब्दही ते बोलले नाहीत. आम्ही जन्मभर मुलांना शिस्त शिकविली. त्या दिवशी मात्र आमची मान खाली गेली. मुलांना हाक मारून आम्ही कागद गोळा केले.

तेव्हा आपल्यापैकी जी कुटुंबे गडावर जातील त्यांना आमची नम्र विनंती आहे. पायऱ्या चढताना गलका करू नये. वृद्धांच्या चालीने चालावे. प्रसादाची खीर पानात टाकू नये. पाणी बेतानेच वापरावे. कड्याच्या टोकाशी मोबाइलवर छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. कल्याणस्वामींची झेप गुरुसेवेसाठी होती, आपली हौस त्या तोलाची नाही. आणि बाटल्या, पिशव्या जे काही आपण वर नेऊ, ते आपणच खाली आणावे.

कल्याणस्वामींनी भरलेले हंडे वर नेले. आपल्याला रिकाम्या बाटल्या तेवढ्या खाली आणावयाच्या आहेत. इतके जरी आपल्या हातून घडले, तरी जांबेच्या मुलखाची माणसे शोभेल अशा रीतीने येऊन गेली, असे गडावर कोणी म्हणेल.

जय जय रघुवीर समर्थ!