पोटात गोळा का येतो?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळेत खडू झिजविलेले मास्तर आहोत. परंतु मुलांच्या सहवासात जे पाहिले, आणि निवृत्तीनंतर जे वाचून समजून घेतले, त्यावरून परीक्षेची चिंता आणि पोट यांचा संबंध आज आपणापुढे मांडावा असे योजिले आहे. विषय सभेत बोलण्याजोगा नाही असे कोणास वाटेल. पण जे घरोघरी घडते त्याविषयी सभेत मौन पाळण्याने कोणाचे हित होते?

आपली मायबोली या बाबतीत फार पूर्वीच बोलून गेली आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट वार्ता ऐकून पोटात खड्डा पडतो, काळजीने पोटात कालवाकालव होते. भय उपजते मनात, परंतु मराठी माणूस त्याचा पत्ता सांगतो पोटाचा. हा केवळ भाषेचा अलंकार नव्हे, ती शरीराची वस्तुस्थिती आहे.

परीक्षेच्या सकाळी एखाद्या मुलास घास गिळवत नाही, दुसरा तीनदा शौचास धावतो, तिसऱ्याचे पोट आठवडाभर साफ होत नाही. घरची माणसे म्हणतात, पोरगा भित्रा आहे. आमच्या हातून शिकून गेलेल्या एका हुशार मुलाने एका परीक्षा-केंद्रावर पेपर सुरू असता बाहेर जाण्याची परवानगी मागितली. नक्कल करण्याचा बहाणा समजून ती नाकारण्यात आली. व्हायचे ते झाले. वर्गात हसू झाले, आणि तो मुलगा पुढच्या पेपरास गेलाच नाही. त्याचे वर्ष बुडाले. त्याच्या वडिलांनीही मुलालाच दोष दिला. ज्या गोष्टीवर मुलाची सत्ता चालत नाही, त्या गोष्टीचा दोष त्याच्या माथी मारला गेला. असे पुन्हा कोणत्याही घरात घडू नये, एवढ्यासाठी आजचा हा खटाटोप.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. सन १८२२ मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटास बंदुकीची जखम झाली. जखम भरली, पण जठरास एक छिद्र कायमचे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून पुढे कित्येक वर्षे पचनाचे निरीक्षण केले, आणि १८३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. राग व भय यांनी जठराच्या अस्तरात व पाचकरसात फरक पडतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याच शतकाच्या अखेरीस हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन याने नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांची जठरे पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की जठराच्या लाटा थांबत. ते शांत झाले की त्या पुन्हा सुरू होत.

मग भीतीने एकाची भूक मरते, आणि त्याच वेळी त्याला शौचासही धावावे लागते, हे कसे? याचे उत्तर १८८१ नव्हे, तर १९८१ साल उजाडल्यावर हाती येऊ लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियात वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील एक द्रव्य वेगळे केले. त्यास संक्षेपाने सीआरएफ म्हणतात. संकटाच्या वेळी मेंदू ते सोडतो. उंदरांवरील पुढील प्रयोगांत दिसले की, या द्रव्याने जठर मंदावते, आणि मोठे आतडे मात्र जोराने हलू लागते. म्हणजे वरचे दार बंद, आणि खालचे दार सताड उघडे! ही काही नाटके नव्हेत; हा शरीराचा स्वभाव आहे.

तथापि आतडे म्हणजे मेंदूचा केवळ हुकमी चाकरही नव्हे. त्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे आहे. १८९९ साली इंग्लंडमधील बेलिस व स्टार्लिंग या दोघांनी दाखवून दिले की, बाहेरचे मज्जातंतू तोडले तरी आतडे अन्नाचा गोळा मागून आवळून पुढे ढकलीतच राहते. या स्वायत्त यंत्रावर खालून आणखी एका गोष्टीचा अंमल चालतो. तीच आजच्या विषयाची मुख्य गोष्ट होय.

भाकरी, कडधान्ये, भाज्या, फळे यांतील काही भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही. त्यास आपण चोथा म्हणतो, आणि निरुपयोगी समजतो. हा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तेथील अगणित सूक्ष्मजंतू त्यावर तुटून पडतात आणि तो आंबवितात. त्यातून तीन आम्ले मुख्यत्वे निर्माण होतात: ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. पहिले शिरक्यात असते ते; तिसऱ्याचे नाव लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले आहे. यांना आखूड साखळीची मेदाम्ले म्हणतात, कारण यांच्या रेणूंत कार्बनचे अणू अनुक्रमे दोन, तीन व चारच असतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बहुतेक इंधन यांतील ब्युटिरिक आम्लापासून घेतात, हे १९८० साली रोडिगर याने दाखविले. ज्यास आपण टाकाऊ म्हणत होतो, त्यावर आतड्याचा संसार चालला आहे!

ही आम्ले आतड्याच्या गतीवरही परिणाम करतात. आतड्याच्या पेशींवर त्यांना ओळखणारी ग्राहके असतात. २००३ साली त्यांचा उलगडा झाला. आम्लांचा स्पर्श होताच काही पेशी सिरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. शरीरातील या द्रव्याचा सुमारे नऊ-दशांश भाग आतड्यातच असतो, आणि तेथे ते मज्जातंतूंना हालचालीची सूचना देते. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्युटिरिक आम्लाने उंदरांच्या मोठ्या आतड्यातील गती देणारे मज्जातंतू वाढल्याचे आढळले. उलटपक्षी, दुसऱ्या काही पेशी याच आम्लांमुळे असे द्रव्य सोडतात की, ज्याने वरच्या आतड्याची गती मंदावते. मात्रा किती आणि जागा कोणती, यावर सारे अवलंबून आहे. म्हणून या आम्लांना जुलाबाचे औषध म्हणू नये, की बद्धकोष्ठाचेही म्हणू नये. त्यांना आतड्याचे लगाम म्हणणे अधिक बरोबर होईल.

मग चिंतेच्या वेळी हे लगाम काही कामास येतात काय? आयर्लंडमधील कॉर्क येथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ही तिन्ही आम्ले घातली, आणि भांडखोर उंदरांच्या सहवासाने त्यांच्यावर ताण आणला. ताणामुळे आतड्याची भिंत झिरपू लागते, तो दोष या उंदरांत कमी दिसला. पुढे २०२० साली बेल्जियममधील लूव्हन येथील संशोधकांनी ६६ निरोगी पुरुष घेतले. काहींना एक आठवडा ही आम्ले मोठ्या आतड्यातच सुटतील अशा कुप्यांतून दिली, आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पण आम्ल नसलेल्या कुप्या दिल्या. नंतर सर्वांना लोकांसमोर ताण देणारी परीक्षा द्यावयास लावली. ज्यांना आम्ले मिळाली होती, त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्य कमी वाढले. येथे विवेक सोडता कामा नये. प्रयोग लहान होता, त्यात स्त्रिया नव्हत्या, मुले नव्हती. आणि परीक्षेच्या दिवशीचे जुलाब थांबविण्याचा उपाय त्यात सापडला, असे मुळीच नव्हे. परंतु पोटात जे आंबते त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोचते, एवढे त्यावरून मानावयास हरकत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत सुमारे ११, आणि मैद्यात अवघा ३ ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दहा वर्षांवरील सर्वांस दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगितला आहे. आणि आपण काय करतो? परीक्षा जवळ आली की, "मुलाला हलके द्या" म्हणून भाकरी-उसळ बंद करतो, आणि पाव, बिस्किटे व शेवयांच्या पुड्या सुरू करतो. ज्या आठवड्यात आतड्याच्या चाकरांना काम मिळावयास हवे, नेमके त्याच आठवड्यात त्यांना उपाशी ठेवतो.

कोणी म्हणेल, तुपात ब्युटिरिक आम्ल असते. मग मुलाला चमचाभर तूप अधिक वाढावे. तुपात ते शेकडा तीन-चार भाग असते हे खरे. परंतु ते लहान आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे पोचत नाही. तूप रुचीसाठी खावे. या कामासाठी भाकरी आणि उसळच हवी. तीही परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदम नव्हे. सवय नसता एकाएकी उसळी वाढविल्या तर पोट फुगते आणि कळा येतात. दोन-तीन महिने आधीपासून, थोडे थोडे वाढवीत, भरपूर पाण्यासह द्यावे. ज्याचे पोट मुळातच नाजूक आहे त्यास ते सोसते की नाही हे पाहावे. शौचात रक्त दिसणे, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठून जुलाब होणे, ही लक्षणे चिंतेची समजून घरी बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

शेवटी तीन विनंत्या करतो. पहिली मातांस: परीक्षेच्या काळात घरचे नित्याचे जेवण बदलू नये. दुसरी पित्यांस: मुलगा वा मुलगी शौचास धावली म्हणून हसू नये, "भित्रा" हा शब्द उच्चारू नये, पहाटे अर्धा तास आधी उठवून निवांतपणा द्यावा. तिसरी आपल्यांतील शिक्षकबंधू व भगिनींस: मुलाने हात वर केला तर त्यास जाऊ द्यावे. नकलेची शंका असेल तर सोबत माणूस पाठवावा, पण दार अडवू नये. मुलीच्या बाबतीत तर ही काळजी दुपटीने घ्यावी, कारण ती हात वर करण्याआधीच पुष्कळ वेळ सोसून बसलेली असते.

धैर्य ही मनाची शक्ती आहे, पण आतडे तिचे प्रमाणपत्र देत नसते. शूर माणसाचेही पोट बिघडते. एवढे आपल्या प्रत्येक घरात कळले, तरी पुष्कळ मुलांची लाज वाचेल, आणि एखाद्याचे वर्षही वाचेल.